खसखशीएवढा बुडबुडा

आमच्या कॉलेजात परदेशी नियतकालिकं बोटीने यायची. जुलैचा अंक नगरला पोचेपर्यंत डिसेंबर लागायचा. ग्रंथपाल वेष्टन काढून तो खिडकीजवळच्या लाकडी मांडणीवर ठेवायचे आणि पुढचा अंक येईपर्यंत त्याला सहसा कुणाचा हात लागायचा नाही. माझा लागायचा. दुपारच्या सुट्टीत मला दुसरं काही नसायचं.

मी तेव्हा रसायनशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. वय एकोणतीस. पुण्याला एम.एस्सी. करून वर्षभर संशोधन केलं होतं. शिष्यवृत्ती संपली तेव्हा मिळाली ती नोकरी धरून नगरला आले. आई-वडील दोघंही गेलेले. पारनेरकडच्या गावी भाऊ-वहिनी होते. माझं लग्न दोनदा जमत आलं आणि फिसकटलं. त्यानंतर भावाने तो विषय काढणं सोडलं, आणि हळूहळू पत्रं लिहिणंही. सावेडीत तेव्हा बंगले मोजके आणि मधे मोकळी रानं. तिथे एका निवृत्त तलाठ्यांच्या घराची गच्चीवरची खोली मी घेतली होती. विभागात मी एकटीच बाई. सगळे सज्जन होते. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं, कुणीतरी खुर्ची पुढे करायचं, आणि मी बाहेर पडले की पुन्हा सुरू झालेलं बोलणं मला जिन्यापर्यंत ऐकू यायचं.

त्या अंकात जपानहून आलेली एक छोटीशी नोंद होती. टिटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढऱ्या रंगात घालतात ती पूड. तिचाच स्फटिक पाण्यात बुडवला, तारेने प्लॅटिनमला जोडला आणि त्याच्यावर उजेड टाकला, तर एकीकडे ऑक्सिजन निघतो आणि दुसरीकडे हायड्रोजन. म्हणजे उजेडानेच पाणी फुटतं. मी ती नोंद उभ्यानेच दोनदा वाचली. मग इकडे तिकडे पाहिलं. ग्रंथपाल पावत्यांवर शिक्के मारत होते. एक विद्यार्थी टेबलावर डोकं ठेवून झोपला होता.

तो बहात्तरचा दुष्काळ. नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. त्या संध्याकाळी मी पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांना जिन्यात गाठून त्या नोंदीबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, सध्या आहे ते पाणी फोडण्यापेक्षा नसलेलं आणायचं बघायला हवं. ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या घरी पाण्याचा टँकर यायची वेळ झाली होती आणि ते घाईत होते.

मी प्रयोग करून बघायचा ठरवला. टिटॅनियम माझ्याकडे नव्हतं आणि नगरमध्ये मिळण्यासारखंही नव्हतं. पण तांब्याच्या लाल ऑक्साइडलाही उजेड कळतो, हे मी पुण्याला शिकले होते. असे पदार्थ धड धातू नसतात आणि धड काचही नसतात. अंधारात ते वीज अडवतात आणि उजेडात थोडी थोडी सोडतात. मी भांड्यांच्या दुकानातून तांब्याचा पत्रा आणला, त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि खोलीतल्या स्टोव्हवर त्या भाजू लागले. आधी पट्टीवर इंद्रधनुष्यासारखे रंग यायचे, मग ती काळी पडायची. गार झाली की काळं कवच तडतडून सुटायचं आणि खाली विटेसारखा लाल थर दिसायचा. हवा होता तो तोच. पहिल्या कितीतरी पट्ट्या वाया गेल्या. आच जास्त झाली की लाल थरही कवचाबरोबर निघून यायचा.

विभागप्रमुख सरांकडे मी परवानगी मागितली. डिस्टिल्ड वॉटर करायला नळाचं पाणी सतत वाहावं लागतं आणि तेच नव्हतं, त्यामुळे होतं तेवढं पाणी परीक्षेसाठी राखून ठेवलेलं. तरी त्यांनी आठवड्याला एक बाटली माझ्या नावावर करून दिली आणि बारीकसा करंट काट्यावर दाखवणारा जुना गॅल्व्हानोमीटर रविवारी घरी न्यायची मुभाही दिली. कशासाठी, ते मात्र विचारलं नाही. मी ते सांगायची तयारी करून गेले होते.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी गच्चीवर मांडामांड केली. बीकरमध्ये मिठाचं पाणी, त्यात एक भाजलेली पट्टी आणि एक साधी, मधे गॅल्व्हानोमीटर. ऊन पट्टीवर पडलं आणि काटा हलला. मी मधे हात धरला, काटा मागे आला. हात काढला, काटा पुन्हा पुढे गेला. असं मी किती वेळा केलं, त्याला गणती नाही. खाली घरमालकीणबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांना हाक मारावी असं वाटलं, पण काय दाखवायचं आणि कसं सांगायचं ते सुचेना. मी खोलीत गेले आणि पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक सरांना चार पानी पत्र लिहिलं. उजेडाने पाणी फुटतंय, साध्या तांब्याच्या पट्टीवर फुटतंय, असं त्यात लिहिलं. लगेच पोस्टात टाकलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. सर सहसा दोन ओळींच्या वर लिहीत नसत. या वेळी त्यांनी पानभर लिहिलं होतं. जूनपासून त्यांच्याकडे संशोधनाची एक जागा निघणार होती. काम तपशीलवार लिहून पाठव, मी तुझ्यासाठी शब्द टाकतो, असं त्यांनी कळवलं होतं. मी ते पत्र पर्समध्ये ठेवलं आणि बरेच दिवस बरोबर बाळगलं.

आता पट्ट्या सुधारायच्या होत्या. पत्रा मुळात गुळगुळीत असला तर थर एकसारखा बसेल, असं मला वाटत होतं. नागापूरला नव्या औद्योगिक वसाहतीत निकेल चढवायचा एक लहानसा कारखाना आहे, तिथे पॉलिश करून मिळेल, असं आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाने सांगितलं. सावेडीहून मनमाड रस्त्याने ते फार लांब नव्हतं. शनिवारी दुपारी मी गेले.

एका शेडमध्ये चार टाक्या होत्या. हिरवट पाण्यात सायकलची हँडलं आणि नळाच्या तोट्या तारेने टांगलेल्या. तिथले मिस्त्री पन्नाशीचे होते. बोटांची टोकं आम्लाने पिवळी पडलेली, बोलणं हळू. त्यांनी पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि कशाला हव्यात ते विचारलं. मी थोडक्यात सांगायला लागले आणि ते ऐकतायत म्हटल्यावर सगळंच सांगितलं. ऊन, काटा, मिठाचं पाणी, जपानची नोंद. त्यांनी स्टूल ओढून दिलं आणि स्वतः उकिडवे बसले. मधे एकदा उठून टाकीतली हँडलं फिरवून आले आणि म्हणाले, हं, पुढं सांगा. नगरला आल्यापासून मला पुढे सांगायला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं संपल्यावर त्यांनी एक पट्टी पुन्हा उचलून उजेडात धरली.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "ह्यो करंट उजेडाचा हाय का पलेट खाऊन येतोय, ते बघितलं का?"

मी म्हणाले, उजेड अडवला की करंट थांबतो.

"व्हय, पन उजेडानंच पलेट झिजत आसंल तर? आमच्यात फुकट काय चढत न्हाई. हँडलावर निकेल चढतं तवा तिकडची पलेट झिजती. आमी वजन करतो रोज. तुमी केलं का वजन?"

मी केलं नव्हतं. खरं तर ते माझं काम, आणि दुसऱ्या कुणी विचारायच्या आधी करायचं. माझे कान गरम झाले. त्यांनी पट्ट्या पॉलिश करून कागदात गुंडाळून दिल्या आणि बजावलं की झाकून ठेवा, हाताचा घाम लागला तरी डाग पडतो.

सोमवारपासून मी वजन करायला लागले. काचेच्या पेटीतला तराजू, श्वास रोखून बघायचा काटा. एक पट्टी दिवसभर उन्हात चालवली, दुसरी तशाच पाण्यात पण खोक्याखाली अंधारात ठेवली. अंधारातली होती तशी राहिली. उन्हातली हलकी झाली होती. भिंगाखाली पाहिलं तर जिथे ऊन पडलं होतं तिथला लाल थर जाऊन कोऱ्या तांब्याची झाक आली होती. आणखी तीन पट्ट्या तशाच निघाल्या. पाणी फुटत नव्हतंच. उजेड माझी पट्टी खात होता आणि मी तिच्या मरणाचा करंट मोजून पुण्याला पत्र लिहिलं होतं.

ते चार-पाच दिवस मला नीट आठवतात. प्रात्यक्षिकं घ्यायची, मुलांच्या वह्या तपासायच्या, घरी येऊन पिठलं-भाकरी करायची आणि तशीच झाकून ठेवायची. पुण्याच्या सरांना कळवलं नाही तर त्यांना कधी कळणारही नव्हतं, निदान जूनपर्यंत तरी. एकदा तिथे जागा मिळाली की पुढे सगळं सावरून घेता येईल, असंही मनात आलं. हे मी आज सांगू शकते, तेव्हा कुणाला सांगितलं नसतं. अर्थात, विचारणारंही कुणी नव्हतं. पाचव्या दिवशी मी पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं. आधी लिहिलं ते चुकीचं होतं, वजनं सोबत जोडली आहेत, करंट पट्टीच्या झिजेचा आहे. पेटीत टाकल्यावर मला हलकं वाटेल, असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही.

त्याचं उत्तर आलं नाही. मार्च गेला, एप्रिल लागला.

मी मिस्त्रींकडे पुन्हा गेले ते केवळ सांगायला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, म्हटलं. त्यांना त्याचा आनंद झाला नाही. त्यांनी मान हलवली आणि टाकीच्या कडेला अडकवलेला एक राखाडी हूक काढून माझ्या हातात ठेवला. हाताला पोलादाएवढा कठीण, वजनाला मात्र निम्मा. पुण्याहून आलेल्या भंगारात तो त्यांना सापडला होता. निकेलचे तुकडे भरलेल्या पिशव्या टाकीत टांगायला ते तो चार वर्षं वापरत होते.

"ह्याला टाकीतलं पानी खात न्हाई," ते म्हणाले. "काय धातू हाय ते मला ठावं न्हाई. तुमी बघा."

मला अंदाज होता. प्रयोगशाळेत तपासलं, आणि तो टिटॅनियमचाच निघाला. नगरच्या बाहेर एका शेडमध्ये, हिरव्या पाण्यावर, तो चार वर्षं लोंबकळत होता. मिस्त्रींनी त्याचा एक तुकडा करवतीने कापून दिला. उरलेला त्यांना लागणार होता.

तो तुकडा मी बर्नरच्या ज्योतीत धरला. आधी सोनेरी झाला, मग जांभळा, मग निळा, आणि शेवटी मळकट राखाडी. तो राखाडी थर म्हणजेच टिटॅनियम डायऑक्साइड. किती वेळ भाजायचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. थर पातळ राहिला तर करंट नाही, जाड झाला तर तडे. मी भाजायचे, घासून काढायचे, पुन्हा भाजायचे. दुसऱ्या टोकाला ज्योतपरीक्षेची प्लॅटिनमची तार लावली. टिटॅनियम कॉस्टिक सोड्यात, प्लॅटिनम पातळ आम्लात, मधे मिठाच्या जेलीने भरलेली वाकडी नळी. आम्ल आणि सोडा यांच्यातल्या फरकाचाही त्यात हातभार होता, सगळं श्रेय उन्हाचं नव्हतं. या वेळी मी वहीत ते आधी लिहून ठेवलं.

मेमधल्या एका रविवारी काटा दोन घरं सरकला. तांब्याच्या वेळी कितीतरी जास्त सरकला होता. मी दिवसभर प्रयोग तसाच चालू ठेवला; त्या वर्षी आभाळात ढग नव्हता, ऊन हवं तेवढं होतं. दुपारी प्लॅटिनमच्या तारेवर काहीतरी चमकलं. भिंग लावलं. एक बुडबुडा, खसखशीच्या दाण्याएवढा. तो बराच वेळ तारेला चिकटून राहिला, मग सुटून वर गेला आणि फुटला. दुसरा यायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी तुकड्याचं वजन केलं. जसंच्या तसं. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा केलं. जसंच्या तसं.

मी नागापूरला गेले. शेडला कुलूप होतं. शेजारच्या लेथवाल्याने सांगितलं, निकेल चढवल्यावर माल धुवायला पाणी लागतं, ते मिळेना म्हणून मालकाने काम बंद केलं. मिस्त्री देवळाली प्रवऱ्याला बहिणीकडे गेलेत. त्याने बहिणीच्या घराची खूण सांगितली. मी रस्त्यावर येऊन बसची वाट पाहत उभी राहिले. मला एवढंच कळत होतं की हे त्यांच्याशिवाय आणखी कुणाला सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी मी सगळं साहित्य पिशवीत घातलं. बीकर टॉवेलात गुंडाळले, आम्ल आणि सोडा बुचाच्या बाटल्यांत, टिटॅनियमचा तुकडा रुमालात. एस.टी.ने राहुरीला उतरले आणि तिथून टांगा केला. त्या बाजूला पाटाला थोडं पाणी होतं आणि कुठे कुठे ऊस हिरवा उभा होता. नगरच्या मानाने डोळ्यांना ते खोटं वाटावं इतकं हिरवं.

मिस्त्री अंगणात बाजेवर बसले होते. वाळले होते. मला पाहून उठले आणि बहिणीला म्हणाले, कॉलेजच्या बाई हायेत. बहिणीने चहा ठेवला. काम काय करता, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, बांधावरचं गवत काढतो, मेव्हण्याच्या रानात. बोटांचा पिवळेपणा निघून चालला होता. मी त्यांना वजनं सांगितली. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली.

"उतरलं न्हाई?"

"नाही. तीनदा केलं."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले.

अंगणात ऊन होतं तिथे बसायच्या लाकडी पाटावर मी सगळं मांडलं. काटा दाखवता येणार नव्हता, गॅल्व्हानोमीटर बसमधून आणणं जमलं नसतं. बुडबुडाच बघायचा होता. आम्ही दोघं पाटाच्या दोन बाजूंना बसलो. बहीण मधूनमधून येऊन बघायची आणि आत जायची. सावली सरकली तसा आम्ही पाट सरकवला. बोलणं फारसं झालं नाही. त्यांची पत्नी सहा वर्षांमागे गेली, मूल नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मी भावाचं सांगितलं. नंतर त्यांनी विचारलं की थर बसवायला किती वेळ भाजलं, आणि मी म्हणाले, अंदाजाने. त्यांनी सुचवलं की तुकडा आधी पातळ आम्लात धुऊन घ्या, वरचा मळ राहिला तर थर धरत न्हाई. ते मला सुचलं नव्हतं.

दीडेक तासाने बुडबुडा दिसला. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"लई बारीक हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पन खरा हाय."

त्यांनी भिंग परत दिलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. उन्हाकडे बघून असेल. परतीच्या बसची वेळ झाली होती. ते टांग्यापर्यंत पिशवी घेऊन आले. पुन्हा या, असं ते म्हणाले नाहीत, आणि येईन, असं मीही म्हणाले नाही. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. राहुरी मागे पडली तशी हिरवी रानं संपली आणि करपलेला माळ लागला. शेजारी एक म्हातारी झोपली होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी ते नगर येईपर्यंत तसंच राहू दिलं.

जूनच्या आरंभी सरांचं कार्ड आलं. तुझं दुसरं पत्र प्रामाणिक होतं, ते जपून ठेवलं आहे, पण जागा दुसऱ्याला दिली गेली, असं लिहिलं होतं. कुणावर राग धरावा असं त्यात काही नव्हतं. मी त्यांना टिटॅनियमच्या प्रयोगाची नोंद पाठवली. त्यांनी उत्तर दिलं की हे आधीच प्रसिद्ध झालेलंच पुन्हा केल्यासारखं आहे, आणि नीट दिवा व मापनयंत्र असल्याशिवाय त्यापुढे जाता येणार नाही. तेही खरंच होतं.

मी त्यापुढे जाऊ शकले नाही. तुकडा धुऊन, वेगवेगळा वेळ भाजून वर्षभर प्रयोग केले, आणि काटा दोन घरांवरून तीनवर आला. मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणे आम्लात धुतल्यावर तो तिसऱ्या घरावर गेला, हे मला त्यांना कळवायचं होतं. कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. पाऊस झाल्यावर नागापूरची शेड पुन्हा उघडली, पण तिथे दुसरा माणूस होता आणि त्याला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. देवळालीला मी पुन्हा गेले नाही. का गेले नाही, त्याचं धड उत्तर आजही माझ्यापाशी नाही. जायला हवं होतं.

कॉलेजात मी पुढे लेक्चरर झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवलं. ग्रंथालयात ते नियतकालिक येत राहिलं, पुढे विमानाने. त्यात दर थोड्या महिन्यांनी अशा पट्ट्यांवरचा एखादा लेख असायचा. कुणी थर पातळ करून पाहिला, कुणी त्यात दुसरा धातू मिसळला, कुणी तांब्याचा तोच लाल ऑक्साइड झिजू नये म्हणून त्याला वरून पांघरूण घातलं. मी ते सगळे वाचले, उभ्यानेच. प्रत्येकात सर्वांत आधी शोधायचे ते झिजेबद्दल काय लिहिलंय. ते पानाच्या शेवटी, बारीक अक्षरात असायचं.